काचेतलं दुकान

काचकर हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव त्यांच्या बायकोला आणि पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी मोठ्या रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा त्यांना काचकर म्हणूनच ओळखायचं. सगळा जन्म त्यांनी दुकानांच्या काचेमागे काढला होता. रस्त्याकडची काच आणि दुकानाची आतली फळी यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन शिरेल एवढी चिंचोळी जागा असते ना, जिथे पुतळे नवे कपडे घालून ताटकळत असतात, ती त्यांची जागा. दुकान कुणाचंही असो, काच काचकरांची.

बूट बाहेर काढून ते मोज्यांवर आत शिरत. टोप्या तंगुसाच्या, न दिसणाऱ्या धाग्यानं अशा टांगत की लांबून त्या हवेत तरंगल्यासारख्या वाटत. शर्टाच्या बाह्यांत कागदाचे बोळे, बुटांत चिंध्या, रिकाम्या खोक्यांवर मखमल. पुतळ्याला कोट घालायचा तर आधी त्याचा हात उपटायचा, बाहीत घालायचा आणि मग खांद्याला परत बसवायचा. "पोराला शाळेसाठी तयार करण्यापेक्षा हे सोपं," असं ते म्हणत, "हा रडत नाही आणि याचे हात निघतात." एका गोष्टीत मात्र ते भलतेच कडक होते. काचेबाहेर उभं राहून कुणी विचारलं की हे खरं आहे का, आत काय भरलंय, तर ते कधी सांगत नसत. उलट आणखी चार थापा मारत. त्यांच्या धंद्यातली ही रीतच होती म्हणा ना. ज्यानं मांडलं त्यानंच फोडायचं नाही.

मग मोठ्या रस्त्याला दृष्ट लागली. शहराबाहेर मोठाली भांडारं झाली, लोक फोनवरून वस्तू मागवायला लागले, भाडी मात्र होती तिथून खाली यायला तयार नव्हती. आधी चपलांचं दुकान गेलं, मग खेळण्यांचं, मग घड्याळांचं. एकेका काचेवर आतून वर्तमानपत्रं चिकटली. पुढे ती पिवळी पडून गळाली आणि आतली धूळ दिसायला लागली. ज्या थोड्यांनी तग धरला त्यांत बॅगवाला एक. काचकरांचा जुना दोस्त. तो म्हणायचा, "इथून निघून जाणारा प्रत्येक जण जाताना माझ्याकडून बॅग घेतो. म्हणून तर मी टिकलोय!" आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. शेवटच्या निघून जाणाऱ्यानं बॅग घेतली की पुढे काय, हे त्याला कुणी विचारत नसे.

दुकानं गेली तशी काचकरांची कामंही गेली. ते घरी बसले. घरी बसले म्हणजे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावू लागले, बायकोनं मांडलेली भांडी हलवू लागले, आणि दोन दिवसांत बायकोच्या डोक्यात गेले. "अहो, माझं घर काही कुणाला विकायचं नाहीये," ती म्हणाली, "तो डबा आधी होता तिथे ठेवा."

त्या घरात आणखी एक जण कामाविना येऊन बसलं होतं, ती त्यांची लेक. कपड्यांच्या मोठ्या दुकानात ती दुरुस्तीच्या टेबलावर होती. पँट आखूड करणं, कंबर ढिली करणं, कोट अंगासरसा बसवणं. तिच्या हातून गेलेला कपडा अंगावर घालून माणूस आरशासमोर थोडा जास्तच वेळ उभा राहायचा, असं तिथले जुने लोक सांगत. ते दुकान बंद झालं आणि लेकीनं शिलाई मशीन घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. तेव्हापासून ते तिघं पलंगावर ताट घेऊन जेवत. कामाची अडचण नव्हती, अडचण जिन्याची होती. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आणि कपडे दुरुस्त करून घालणारी माणसं म्हणजे बहुतेक उतारवयातली. खालून कुणीतरी हाक मारायचं, "अगं, खाली येतेस का जरा?" लेक खाली उतरायची, रस्त्यावर उभ्या उभ्या माप घ्यायची. भर रस्त्यात कमरेचं माप कोण देणार? माणसं लाजून कमी होत गेली. तिला तळमजल्यावरची एक खोली हवी होती. एक आरसा, एक पडदा आणि एक दार. एवढंच.

अशातच नगरपालिकेला जाग आली. वर्षानुवर्षं रिकामी पडलेली दुकानं भरायची, असा ठराव झाला. योजना दोन भागांत होती. पहिल्या भागात नवा धंदा करू पाहणाऱ्याला रिकामं दुकान वर्षभर बिनभाड्यानं मिळणार होतं. दुसरा भाग असा की तोवर रस्ता उजाड दिसू नये म्हणून रिकाम्या दुकानांच्या काचा सजवायच्या. आत दुकान नसलं तरी बाहेरून दिसलं पाहिजे. योजनेची सगळी धावपळ एका तरुण बाईंकडे होती. त्यांना सगळे योजनाबाई म्हणत. बाई भल्या होत्या, पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरत, आणि त्यांच्या हातात फोन, किल्ल्या आणि आश्वासनं या तीन गोष्टी कायम असत.

दुसऱ्या भागासाठी त्यांनी काचकरांना बोलावलं. पहिल्या भागासाठी लेकीनं नाव दिलं. त्या दिवशी पलंगावर जेवताना तिघांचेही घास हातातच राहत होते, इतकं बोलायला होतं. लेकीच्या मनात कोपऱ्यावरचं जुनं छत्र्यांचं दुकान भरलं होतं. दोन बाजूंनी उजेड, दाराला पायरी नाही. "म्हातारी माणसं सरळ आत येतील," ती म्हणत होती. "आरसा डावीकडे, पडदा मागे, मशीन काचेजवळ."

"काच मी लावून देईन," काचकर म्हणाले.

"तुम्ही नाही तर कोण लावणार, बाबा?"

योजनाबाईंनी सांगितलं होतं की तिचं नाव वरच आहे, फक्त मालकाची संमती, वायरिंगची तपासणी आणि समितीची बैठक एवढं झालं की किल्ली हातात. हे 'एवढं' केवढं असतं ते ज्याला सरकारी कामाचा अनुभव आहे त्याला सांगायला नको. मालक परगावी होता. वायरिंगवाला आला तेव्हा मालक नव्हता, मालक आला तेव्हा समिती नव्हती. तरी पण गाडं हलत होतं. लेकीनं पडद्याचं कापड शिवूनसुद्धा ठेवलं.

इकडे काचकरांना तर नवा जन्म मिळाला होता. बंद चपलांच्या दुकानात त्यांनी बेकरी मांडली. थर्माकोलचे पाव कापले, त्यांना रंग दिला, वर खरा मैदा भुरभुरवला, मागे पिवळा दिवा असा लावला की पाव आत्ताच भट्टीतून निघालेत असं वाटावं. घड्याळांच्या दुकानात पुस्तकं मांडली. आत नुसते पुठ्ठे, पण पाठी एकीला एक टेकलेल्या, एक पुस्तक मुद्दाम तिरकं, कुणीतरी काढून परत ठेवल्यासारखं. खेळण्यांच्या दुकानात कागदी फुलं ठेवली आणि बादलीत खरं पाणी ओतलं. दिवे आपोआप लागत, आपोआप विझत. माणसं थांबायला लागली. एका बाईनं बेकरीचं दार तीनतीनदा ढकलून पाहिलं. काचकर समोरच्या फुटपाथवरून बघत होते आणि त्यांच्या पोटात आनंद मावत नव्हता.

घरी येऊन त्यांनी हे साग्रसंगीत सांगितलं. बायको जेवता जेवता थांबली. "अहो, एवढं खरं करू नका," ती म्हणाली. "बिचारी उपाशी गेली असेल." काचकर हसले. त्यांना वाटलं, हिला कौतुक करताच येत नाही.

सोमवार हा मोठ्या रस्त्याच्या सुट्टीचा दिवस. जी काही खरी दुकानं उरली होती ती सोमवारी शटर ओढून बंद असत. बॅगवाला सोमवारी दुपारपर्यंत झोपायचा. काचकरांना मात्र सोमवार आवडायचा, कारण वर्दळ नसते, काचा पुसता येतात. अशाच एका सोमवारी ते बेकरीची काच पुसत होते तेव्हा तिघं जण रस्त्यानं आले. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ओळखपत्रं. दुकानांसमोर थांबायचे, बघायचे, पुढे जायचे. त्यांतले एक चष्मेवाले साहेब बेकरीपाशी रेंगाळले.

"वा," ते म्हणाले. "हे नवीन दिसतंय."

"हो, नवीनच."

"पाव चांगले असतात का?"

आता इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अहो साहेब, थर्माकोल आहे हो ते. पण हे पडले काचकर. मांडलेलं फोडायचं नाही ही रीत. शिवाय एवढा मोठा माणूस फसलाय म्हणताना त्यांना गुदगुल्या झाल्या. ते फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, "सकाळचे ताजे आहेत, साहेब. संध्याकाळी या, उभं राहायला जागा मिळायची नाही."

साहेब हसले, मान डोलावली आणि पुढे गेले. काचकरांनी ही गंमत बॅगवाल्याला सांगायची म्हणून मनात जपून ठेवली.

पुढच्या आठवड्यात योजनाबाई आल्या त्या चेहरा पाडूनच. काचकर पुस्तकांच्या काचेत मोज्यांवर उभे होते. बाईंनी काचेवर टकटक केली आणि बाहेर यायची खूण केली.

"काका, मोजणी झाली," त्या म्हणाल्या. "वरच्या कार्यालयाची माणसं येऊन गेली. किती दुकानं रिकामी ते मोजायला."

"कधी?"

"सोमवारी. मला सांगितलंच नाही. मोजणी निष्पक्ष व्हावी म्हणून इथल्या माणसांनी बरोबर राहायचं नाही, असा नियम आहे." बाई थांबल्या. "काका, त्यांनी बेकरी चालू धरली. पुस्तकांचं दुकान चालू. फुलांचं चालू. आणि जी शटरं खाली होती ती सगळी रिकामी."

काचकरांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यांना हसू आलं. "म्हणजे आमचा बॅगवाला रिकामा?"

"बॅगवाले काका रिकामे. पण एकूण हिशोब असा निघाला की मोठा रस्ता बऱ्यापैकी भरला. योजना यशस्वी. आता बिनभाड्याची दुकानं नदीपलीकडच्या वस्तीत द्यायची ठरलीत. पैसा तिकडे वळला." बाईंनी त्यांच्याकडे न बघता पुढचं सांगितलं. "इथली नवी नावं थांबवलीत. सगळी."

"सगळी म्हणजे?"

"तिचंही, काका."

काचकरांचं हसू तोंडावरच राहून गेलं, ते काढायचं त्यांना सुचेना. ते म्हणाले, "पण बाई, आत काही नाहीये. ते तर मी ठेवलंय. तुम्हाला माहितीये."

"मी सांगितलं. दोनदा सांगितलं. ते म्हणतात, आमच्या माणसानं तिथे उभं राहून चौकशी केली, दुकानातल्या माणसानं सांगितलं की ताजे पाव आहेत, संध्याकाळी गर्दी होते. पुढची मोजणी पुढच्या वर्षी. तोवर हेच धरायचं."

बाईंना ठाऊक नव्हतं दुकानातला माणूस कोण ते. काचकरांना ठाऊक होतं. ते तसेच मोज्यांवर फुटपाथवर उभे राहिले, बूट हातात घेऊन. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं हे ते इतरांबद्दल बोलताना हजारदा म्हणाले असतील. हा धोंडा लेकीच्या पायावर पडला होता आणि तिचा काही एक दोष नव्हता.

त्या रात्रीचं जेवण काही कुणाला गेलं नाही. काचकरांनी बायकोला सांगायचं म्हणून सांगायला घेतलं आणि सांगता सांगता लक्षात आलं की लेक मशीन थांबवून ऐकते आहे. मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. थर्माकोल, चष्मेवाले साहेब, सकाळचे ताजे. "मीच म्हणालो गं त्याला," ते म्हणाले. "गंमत म्हणून म्हणालो."

बायकोनं तशीच भरलेली ताटं उचलली. तिनं बोलायला हवं होतं असं काचकरांना फार वाटलं. चांगलं खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या, बाबा," लेक म्हणाली. "तुम्ही नसतं सांगितलं तरी त्यांना पावच दिसले असते. तुम्ही केलेच तसे होते." आणि तिनं मशीन परत सुरू केलं. शिवून ठेवलेला पडदा तिनं कपाटाच्या वरच्या फळीवर सरकवला, खुर्ची घ्यावी लागेल इतका मागे.

काचकर त्यानंतर नगरपालिकेत खेटे घालत राहिले. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत. सगळे गोड बोलत. एका साहेबांनी तर त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "म्हणजे तुमची तक्रार अशी की तुमचं काम फार चांगलं झालं?" खोलीतले दोघे-तिघे हसले. काचकरांना राग आला, पण राग काढायला समोर कुणी खलनायक नव्हता. साहेब खुर्चीत होते, खुर्ची नियमाला बांधलेली होती, नियम वरून आलेला होता, आणि वर कोण आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. बॅगवाल्याकडे तर नगरपालिकेचा माणूस येऊन विचारून गेला की तुमचं हे बरेच दिवस बंद असलेलं दुकान भरायला द्याल का! त्या दिवसापासून बॅगवाल्यानं सोमवारी शटरवर पाटी लावायला सुरुवात केली, 'मी आहे. झोपलोय.' लोक त्या पाटीचे फोटो काढत. बॅगा घेत नसत.

मग एक दिवस योजनाबाई घरी आल्या. चार जिने चढून आल्यामुळे त्यांना आधी बोलताच येईना. पाणी प्यायल्या, मशीनकडे बघितलं, पलंगावरच्या ताटांकडे बघितलं. म्हणाल्या, "काका, एक मार्ग आहे. मार्ग म्हणजे... बघा तुम्ही."

मार्ग असा होता. काचसजावटीचा पैसा अजून शिल्लक होता. लोक सारखे विचारत की इथे कपडे दुरुस्तीचं दुकान का नाही. तर कोपऱ्यावरच्या छत्र्यांच्या दुकानात तशी मांडणी करायची, आणि पुतळ्याऐवजी खरं माणूस बसवायचं. लेकीनं काचेत बसून शिवायचं. रोजचा थोडा मेहनताना मिळेल. आणि पुढच्या वर्षी योजना परत आली तर पहिलं नाव तिचं, तेही त्याच दुकानासाठी. फक्त दार बंद राहील. गिऱ्हाईक घ्यायचं नाही, कपडा घ्यायचा नाही, द्यायचा नाही. कारण त्या जागेला धंद्याचा परवाना नाही. एक जरी कपडा घेतला तर विनापरवाना धंदा होईल आणि नाव यादीतून जाईल. "ते मग माझ्या हातात राहणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात काय होतं कोण जाणे.

काचकर उठून उभे राहिले. "पुतळा करायचा माझ्या लेकीचा?"

"अहो, बसा," बायको म्हणाली.

"मी बसेन काचेत," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बाबा, इथे बसून तरी कोण येतंय? तिथे निदान उजेड आहे. आणि पुढच्या वर्षी..." ती पुढे बोलली नाही.

मग काचकरांनी लेकीची काच लावली. आयुष्यात एवढ्या काचा लावल्या, पण असं काम त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. आरसा डावीकडे, तिनं म्हटलं होतं तसा. रिळं रंगाप्रमाणे. मशीन दोन्ही उजेडांच्या मध्ये. लेक आत बसली तेव्हा ती त्या जागी इतकी शोभली की काचकर बाहेर उभं राहून पुसलेलीच काच परत पुसत राहिले. पडदा मात्र तिनं घरून आणू दिला नाही. "तो दुकानासाठी आहे," ती म्हणाली.

पण शिवणार काय? कपडा तर घ्यायचा नाही. तिनं घरातली एक जुनी पँट नेली. सकाळी तिची खालची पट्टी शिवायची, दुपारी उसवायची. परत शिवायची. लोक बघत उभे राहत, मुलं काचेला नाक लावत. पहिले काही दिवस लेक हसून मान हलवायची. पुढे पुढे तिनं वर बघणं सोडलं. संध्याकाळी दार उघडायला काचकर जात तेव्हा ती म्हणायची, "आज सात जणांनी दार ढकललं." दुसऱ्या दिवशी आकडा वाढलेला असायचा. मग तिनं सांगणंही सोडलं. काचकरांनी काचेवर पाटी लावली की ही मांडणी आहे, दार उघडत नाही. पाटी कुणी वाचत नसे. दिवा लागलेला, माणूस शिवतंय, सुई खालीवर होताना दिसतेय, पाटी वाचायची गरज कुणाला?

एके दिवशी वरच्या कार्यालयातून पाहुणे यायचे होते म्हणून काचकर सकाळपासून काच पुसत होते. एक वयस्क बाई हातात कोट घेऊन आल्या. काठी टेकत, दर चार पावलांनी थांबत. त्यांनी आधी दार ढकललं, मग काचेवर बोटानं वाजवलं आणि कोट काचेला लावून दाखवला.

लेकीनं वर बघितलं. मान हलवायला हवी होती, ती हलवायला ती विसरली. तिची नजर कोटाच्या खांद्यावर गेली. तिनं हातानं खूण केली, घाला बघू.

बाईंनी काठी काचकरांच्या हातात दिली आणि कोट घातला. कोट त्यांचाच होता, पण त्या कोटातली बाई आता निम्मी उरली होती. खांदे दंडावर उतरले होते. लेक उठून काचेशी आली. बोट गोल फिरवलं, वळा. बाई वळल्या. लेकीनं काचेवर बोट ठेवलं, इथे चिमटा घ्या, आणि वडिलांकडे बघितलं.

काचकरांच्या खिशात टाचण्या असतातच. ते पुढे झाले. लेक आतून दाखवत होती, हे बाहेरून टाचत होते. थोडं वर. नाही, एवढं नाही. बाहीला दोन बोटं. मागची शिवण आत. काचेतून एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि दोघांचं एकदाही चुकलं नाही. कोट हळूहळू बाईंच्या अंगाला यायला लागला. बाई काचेत स्वतःकडे बघत होत्या. त्यांनी पाठ ताठ केली. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "मी आहे की अजून यात."

लेक हसली. कितीतरी दिवसांनी हसली. काचकरांना वाटलं, आत्ता दार उघडावं. किल्ली खिशातच होती. जे व्हायचं ते होवो.

"काका!"

योजनाबाई धावत आल्या होत्या. मागे थोड्या अंतरावर पाहुण्यांची मंडळी येत होती. पुढे चष्मेवाले साहेब. "काका, काय करताय? कपडा घेताय?" योजनाबाईंनी मागे वळून पाहिलं. "त्यांनी बघितलं तर तिचं नाव जाईल. काका, प्लीज. टाचण्या काढा."

"यांचं माप झालंय हो," काचकर म्हणाले. "नुसतं शिवायचं राहिलंय."

"काका, पुढचं वर्ष जाईल तिचं."

काचकरांनी काचेकडे बघितलं. लेकीला ऐकू गेलं नव्हतं, पण समजलं होतं. ती काही खूण करेल असं वाटलं, हो किंवा नाही. तिनं कसलीच खूण केली नाही. ती परत मशीनशी जाऊन बसली आणि पँट मांडीवर ओढून घेतली.

काचकर एकेक टाचणी काढायला लागले. कोटवाल्या बाईंना आधी काही कळेना. कोट परत दंडांवरून घसरला. "अहो, काढताय काय? आत्ता तर बसला होता."

"हे खरं दुकान नाही हो," काचकर हळूच म्हणाले. "नुसती काच आहे. कोट घरी आणून द्याल का? ती घरी शिवून देईल. चौथा मजला आहे."

"चौथा मजला?" बाईंनी आपल्या काठीकडे बघितलं.

"मग मी येतो तुमच्याकडे. कुठे राहता?"

"मला काय वेडी समजलात?" बाईंचे डोळे भरून आले, अपमानानं. "एवढं सगळं मांडून बसता, माणसाला भर रस्त्यात गोल फिरायला लावता, आणि मग नाही म्हणता? रस्त्यावरच्या माणसाला पत्ता द्यायचा मी?" त्यांनी काठी हिसकावून घेतली आणि लोंबणारा कोट तसाच अंगावर ठेवून त्या चालायला लागल्या. काचकर त्यांच्यामागे चार पावलं गेले. मग परत काचेशी आले.

मंडळी येऊन पोचली. चष्मेवाले साहेब काचेसमोर थांबले. आत लेक खाली मान घालून पँटची पट्टी उसवत होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, रिळांकडे पाहिलं, मग पाठ फिरवून काठी टेकत चाललेल्या त्या बाईंकडे पाहिलं.

"वा वा!" ते म्हणाले. "गिऱ्हाईकसुद्धा उभं केलंत? आणि काय काम केलं त्या बाईंनी, रुसून जाण्याचं! अगदी खरं वाटतं हो."

काचकरांच्या मुठीत टाचण्या होत्या. त्यांना ओरडून सांगायचं होतं, साहेब, तेवढंच खरं होतं. योजनाबाई त्यांच्याकडे डोळ्यांनी गयावया करत बघत होत्या. काचेआड लेकीचा हात थांबला होता.

"थँक्यू, साहेब," काचकर म्हणाले.